जळलेल्या पोलादाला पाणी चढत नाही

जुन्या रायफलींचे शौकीन एकत्र जमले की एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. कारागीर हुशार असेल तर कुठलीही बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल ‘मजबूत’ करून घेता येते. रिसीव्हर, म्हणजे ज्यात बोल्ट सरकतो आणि ज्याला नळी जोडलेली असते तो भाग, पुन्हा तापवून त्याला पाणी द्यायचं, बोल्टचे लग घासून नीट बसवायचे, नळी जाड टाकायची, आणि आजोबांच्या काळातल्या रायफलीत आजचं जास्त दाबाचं काडतूस बिनधास्त घालायचं. पुरावा म्हणून ईशापूरचं नाव पुढे केलं जातं. बंगालमधल्या त्या सरकारी कारखान्याने 1962 च्या चीन युद्धानंतर जुनी .303 घेतली, तिच्यात सुधारणा केल्या आणि 7.62 ची रायफल तयार करून दिली. कारखान्याला जे जमलं ते चांगल्या मिस्त्रीला का जमू नये, असा हा सवाल असतो.

ही समजूत चुकीची आहे, आणि तिची किंमत माणसाच्या डोळ्याने मोजावी लागू शकते. दस्त्याला गाल टेकवून नेम धरणाऱ्याचा डोळा चेंबरपासून जेमतेम वीतभर मागे असतो. तिथे काही फुटलं तर सावरायला वेळ नसतो.

ईशापूरपासूनच सुरुवात करू, कारण हाच दाखला सगळ्यात जास्त वापरला जातो आणि सगळ्यात चुकीचा वापरला जातो. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीने 2ए आणि नंतर 2ए1 या नावाने जी 7.62 मिलिमीटरची रायफल काढली, ती जुन्या .303 ची डागडुजी नव्हती. आराखडा जुन्या एसएमएलई मार्क तीनचाच ठेवला, कारण त्याची हत्यारं, साचे आणि हात बसलेले कामगार कारखान्यात होते. रिसीव्हर आणि बोल्ट मात्र नव्याने घडवले आणि त्यासाठी आधीपेक्षा सरस पोलाद वापरलं. म्हणजे ज्या कारखान्याने कित्येक दशकं हीच रायफल बनवली होती, त्यानेही जुन्या रिसीव्हरला ‘मजबूत’ करण्याचा रस्ता धरला नाही. त्याने धातू बदलला. जुनी आणि नवी रायफल शेजारी ठेवली तर लांबून फरक कळत नाही. जवळ गेलं की 2ए1 चं मॅगझिन चौकोनी पेटीसारखं दिसतं आणि मागच्या साइटवर 800 मीटरपर्यंतचेच आकडे दिसतात. खरा फरक, पोलादाचा, तो डोळ्यांना दिसतच नाही. गैरसमजाचं मूळ इथेच आहे.

आता हा फरक का करावा लागला ते पाहू. ही दोन्ही काडतुसं महाराष्ट्राला परकी नाहीत. पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्याने .303 ची काडतुसं वर्षानुवर्षं बनवली; बुडावर केएफ ही अक्षरं असलेली पितळी टरफलं जुन्या फायरिंग रेंजच्या मातीत आजही सापडावीत. 7.62 ची काडतुसं जळगाव जिल्ह्यात वरणगावला बनतात. हातात घेतली तर दोघांत फार अंतर वाटत नाही. पण युरोपच्या चाचणी नियमांत .303 ला कमाल 365 मेगापास्कल दाबाची मुभा आहे, तर 7.62 चं नागरी भावंड असलेल्या .308 ला 415 ची. त्यात .308 चं बूड थोडं रुंदही आहे. दाबाला बुडाच्या क्षेत्रफळाने गुणलं, तर बोल्टला मागे ढकलणारा कमाल जोर .303 मध्ये सुमारे चार टनांचा येतो आणि .308 मध्ये पावणेपाच टनांच्या आसपास. हा हिशेब ढोबळ आहे. काडतुसाच्या आतला व्यास बाहेरच्यापेक्षा कमी असतो आणि चेंबरच्या भिंतीला चिकटलेलं पितळ थोडा जोर स्वतः झेलतं, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा कमी भरतो. पण दोघांमधलं प्रमाण तेच राहतं: जवळपास पाचवा हिस्सा जास्त, आणि तोही प्रत्येक गोळीला.

हा जोर झेलतात बोल्टचे लग, म्हणजे बोल्टच्या अंगाला असलेले कान, जे रिसीव्हरच्या खाचेत अडकतात. माउझर 98 मध्ये दोन मुख्य लग बोल्टच्या पुढच्या टोकाला, काडतुसाच्या अगदी मागे असतात. ली-एनफिल्डमध्ये, म्हणजे ईशापूरने ज्या घराण्याची .303 बनवली त्या रायफलीत, ते मागच्या बाजूला असतात. म्हणून गोळी सुटताना ली-एनफिल्डचा लांबलचक बोल्ट दाबला जातो, रिसीव्हर ताणला जातो, आणि काडतूस त्या लवचिकपणाबरोबर मागे सरकतं. या रचनेमुळेच ती रायफल झपाट्याने चालते, सैनिकांना ती आवडायची ते यासाठी. पण तिच्यावर पाचवा हिस्सा जास्त जोर टाकायचा असेल तर तो पोलादाने झेलायला हवा. कानस आणि पॉलिश पेपर तो झेलणार नाहीत.

आता ‘पुन्हा पाणी द्या’ या सल्ल्याकडे वळू. याचं उत्तर जगाला शंभर वर्षांपूर्वीच मिळालं आहे, आणि तेही अमेरिकी सैन्याच्या स्वतःच्या शस्त्रागारातून.

अमेरिकेची 1903 ची स्प्रिंगफील्ड रायफल मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात आणि इलिनॉयमधल्या रॉक आयलंडला बनत असे. रिसीव्हर कमी कार्बनच्या पोलादाचा. भट्टीत लाल करून घणाच्या साच्यात घडवायचा, मग वरचा थर टणक करायचा. पोलाद किती तापलं हे लोहार डोळ्यांनी ठरवत. हात कसलेले होते, नजर तयार होती, आणि घात तिथेच झाला. ढगाळ दिवशी अंधाऱ्या शेडमध्ये जो लाल रंग ‘बरोबर’ वाटे, तोच रंग लख्ख उन्हात दिसायला पोलाद 300 अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त तापवावं लागे. म्हणजे उन्हाच्या दिवशी भट्टीतून निघालेले कित्येक रिसीव्हर आतून जळलेले होते. पोलाद जळलं म्हणजे त्याचे कण फुगून एकमेकांना धरून राहत नाहीत. वरून ते चकचकीत दिसतं, आतून ठिसूळ असतं. हातोड्याचा एक जोरकस फटका बसला तरी असा रिसीव्हर काचेसारखा तुटे.

1917 साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, काडतुसांचं उत्पादन घाईने वाढलं, त्यात खराब पितळाची काडतुसं निघाली, आणि रिसीव्हर फुटू लागले. पुढे मेजर जनरल ज्युलियन हॅचर यांनी 1917 ते 1929 या काळातले असे 68 अपघात नोंदवले. प्रत्येकाचा दोष फक्त पोलादाचा नव्हता. काहींत नळीत अडथळा होता, काहींत जर्मन 8 मिलिमीटरचं काडतूस चुकून घुसवलं होतं. पण चिवट पोलाद अशा चुका पोटात घालतं आणि ठिसूळ पोलाद त्यांचे तुकडे करून नेमबाजाच्या तोंडावर फेकतं. 1918 मध्ये शस्त्रागाराने भट्ट्यांवर उष्णतामापक बसवले आणि दुहेरी उष्णता-प्रक्रिया सुरू केली, ज्यामुळे कातडी टणक आणि गाभा चिवट राहू लागला. स्प्रिंगफील्डच्या 8,00,000 आणि रॉक आयलंडच्या 2,85,507 या क्रमांकांच्या आधीच्या रायफलींना तेव्हापासून ‘लो नंबर’ म्हटलं जातं.

मग जुन्यांना पुन्हा पाणी द्यायचं का? हा विचार त्या शस्त्रागारातही झाला, प्रयोगही झाले. निष्कर्ष स्पष्ट होता: पाणी चुकीचं दिलं असेल तर ते सुधारता येतं, पोलाद जळलं असेल तर नाही. कणांमधली तुटलेली पकड भट्टीत पुन्हा जुळत नाही. पातेल्याला लागलेलं दूध पुन्हा उकळून त्याचा करपट वास जात नाही, तसंच हे. आज कुणी जुना रिसीव्हर भट्टीत घालून ‘मजबूत’ करून देण्याचं सांगत असेल, तर एका देशाच्या शस्त्रागाराला सगळी साधनं हाताशी असूनही जे जमलं नाही ते आपल्याला जमतं, असा त्याचा दावा आहे.

इथे एक जोरदार आक्षेप येतो. तो टाळून चालणार नाही. दहा लाखांहून जास्त लो नंबर रायफली बनल्या आणि नोंदले गेलेले अपघात 68. मग एवढी भीती कशासाठी? शिवाय यातली प्रत्येक रायफल कारखान्यातून निघण्यापूर्वी प्रूफ काडतुसाने, म्हणजे चौरस इंचाला 70,000 पौंड एवढ्या मुद्दाम वाढवलेल्या दाबाच्या काडतुसाने, तपासली होती. पण हीच तर सगळ्यात काळजीची गोष्ट आहे. जळलेले रिसीव्हर प्रूफ चाचणीत पास झाले होते. चाचणीच्या काडतुसाचं पितळ शाबूत राहिलं तर वायू पुढेच जातो आणि ठिसूळ रिसीव्हरही तग धरतो. पितळ बुडाकडे फाटलं की वायू थेट रिसीव्हरच्या अंगावर येतो, आणि ठिसूळ पोलाद तडकतं ते तेव्हा. त्यामुळे ‘आम्ही दाबून भरलेली दोन काडतुसं मारून पाहिली, काही झालं नाही’ हा पुरावाच नाही. दहा लाखांतली कुठली रायफल जळलेल्या पोलादाची आहे, हे तिला तोडल्याशिवाय कळत नाही. धोका कमी असेल, पण तो कुणाच्या हातात आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

लग घासण्याचा, म्हणजे लॅपिंगचा, मुद्दा वेगळा आहे, कारण त्यात तथ्य आहे. बऱ्याच रायफलींत दोन लगांपैकी एकच नीट टेकलेला असतो आणि दुसरा केसभर हवेत. बारीक पेस्ट लावून दोन्ही सारखे टेकवले तर जोर वाटला जातो आणि नेमही सुधारतो. पण हे काम रायफल ‘मजबूत’ करत नाही. ती मुळात जेवढी मजबूत होती तेवढी तिला वापरू देतं. जुन्या माउझर किंवा ली-एनफिल्डच्या लगावर टणक कातडी असते, मिलिमीटरच्या अंशाएवढी. घासणाऱ्याचा हात जरा जास्त चालला की ती निघून जाते आणि खालचं मऊ पोलाद उघडं पडतं. मग प्रत्येक गोळीबरोबर लग खाचेत रुतत जातात, बोल्ट मागे बसतो, हेडस्पेस म्हणजे काडतुसाच्या बुडामागची मोकळी जागा वाढते, आणि एक दिवस काडतूस बुडाजवळ फाटतं. ज्या हाताने बळकटी आणायची होती त्याच हाताने झीज सुरू झालेली असते. ब्रिटिशांनी ही झीज गृहीत धरली होती. ली-एनफिल्डच्या पुढच्या नमुन्याला, म्हणजे नंबर 4 रायफलीला, 0, 1, 2, 3 अशा क्रमांकांची बोल्टची वेगवेगळी डोकी होती. झीज वाढली की शस्त्रकार गेज लावून पुढच्या क्रमांकाचं डोकं बसवी. घासून बळकट करण्याचा विचार त्या व्यवस्थेत कुठेच नव्हता.

नळी बदलतानाही असंच होतं. पहिल्या महायुद्धातल्या अमेरिकी 1917 च्या रायफली उत्तम निकेल पोलादाच्या होत्या. तरीही एडिस्टोन कारखान्यात बनलेल्या पुष्कळ रिसीव्हरना बारीक चिरा सापडल्या. नळ्या इतक्या आवळून बसवल्या होत्या की पुढे कुणी त्या काढायला गेलं की रिसीव्हरची कडी तडकायची. चांगलं पोलाद आणि दणकट रचना असूनही सुधारणेच्या त्या एका टप्प्यानेच नुकसान केलं. म्हणूनच जाणते शस्त्रकार अशी नळी काढण्यापूर्वी तिच्या खांद्याजवळ लेथवर खाच घेऊन ताण सोडवतात आणि मगच पाना लावतात.

बळकटीवाले हमखास जपानी अरिसाकाचं उदाहरण देतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी शस्त्रकार पी. ओ. अ‍ॅकली यांनी अनेक सैनिकी रायफली मुद्दाम जास्त भरलेल्या काडतुसांनी फोडून पाहिल्या. त्यात जपानची टाइप 38, 6.5 मिलिमीटरची अरिसाका, अपेक्षेपेक्षा कितीतरी चिवट निघाली. 1959 मध्ये ‘अमेरिकन रायफलमन’ मासिकात एक हकीकत आली होती. एका माणसाच्या अरिसाकाचं चेंबर .30-06 साठी मोठं केलं होतं, नळी मात्र 6.5 ची तशीच ठेवली होती. जाड गोळी बारीक नळीतून जबरदस्तीने जात होती, धक्का भयंकर होता, पण रायफल फुटली नाही. हे सगळं खरं आहे. पण त्या रायफलीचं नेमकं कुणी भलं केलं? ज्या कारागिराने चेंबर मोठं केलं त्याने ती जवळजवळ बॉम्ब करून ठेवली होती. वाचवलं जपानी शस्त्रागारातल्या मूळ पोलादाने आणि त्याला दिलेल्या पाण्याने. शिवाय त्याच अरिसाकासारख्या दिसणाऱ्या सरावाच्या रायफली जपानने ओतीव लोखंडाच्या रिसीव्हरसह बनवल्या होत्या, फक्त रिकाम्या आवाजी काडतुसांसाठी. दोन्ही समोर ठेवल्या तर सामान्य माणसाला फरक कळत नाही. एक भरपूर सोसते. दुसरी पहिल्याच खऱ्या गोळीला फुटते.

आपल्याकडेही अशीच एक जोडगोळी आहे. कॉलेजात एनसीसी केलेल्या हजारो मराठी मुलामुलींनी डीपी रायफल खांद्यावर घेतली आहे. डीपी म्हणजे ड्रिल पर्पज, फक्त कवायतीसाठीची. कुणी गोळी झाडूच नये म्हणून तिच्या चेंबरला भोक पाडलेलं असतं. ते भोक वेल्डिंगने भरून रायफल पुन्हा ‘चालू’ करता येईल, अशी बढाई अधूनमधून ऐकू येते. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूच्या पोलादाचं पाणी उतरतं, टणक पोलाद ठिकठिकाणी मऊ होतं, आणि टाक्याच्या कडेला चीर जायला जागा तयार होते. ते भोक ज्या कारणासाठी पाडलं होतं ते कारण वेल्डिंगनंतरही तसंच उरतं.

ईशापूरच्या जुन्या .303 वर आणखी एक गोष्ट दिसते आणि तीही हमखास चुकीची वाचली जाते. पुढच्या लाकडावर घट्ट तार गुंडाळलेली असते. ती पाहून माणूस म्हणतो, ‘बघा, नळी मजबूत केली आहे.’ या रायफली बॉम्बफेकीसाठी होत्या. नळीच्या तोंडावर कप बसवून नंबर 36 चा हातबॉम्ब त्यातून उडवायचा. अशा माऱ्याने लाकूड फाटलं किंवा काही फुटलंच, तर तुकडे उडू नयेत म्हणून ती तार होती. ती अपघात थांबवत नाही, अपघात झाला तर पसारा आवरते. पुढच्या लाकडातून आडवा घातलेला ईशापूरचा प्रसिद्ध स्क्रूही लाकूड चिरू नये एवढ्यासाठीच होता.

मग शस्त्रकाराच्या हातात काहीच नाही का? आहे, आणि ते महत्त्वाचं आहे. काडतूस फाटलंच तर वायूला माणसापासून दूर नेणारी वाट त्याला देता येते. माउझरने 1898 च्या रायफलीत बोल्टला वायू सोडणारी छिद्रं दिली, मागे वायू अडवणारी कडा दिली, आणि नेहमीच्या वेळी स्वस्थ राहणारा तिसरा लग दिला. तो लग फक्त बाकीचे दोन गेले तरच कामाला येतो. अमेरिकनांनी पुढे स्प्रिंगफील्डच्या रिसीव्हरच्या डाव्या बाजूला एक छोटं भोक पाडायला सुरुवात केली. त्याला आजही ‘हॅचर होल’ म्हणतात. त्या भोकाने पोलाद रतीभरही बळकट झालं नाही. फाटलेल्या काडतुसाचा वायू मात्र नेमबाजाच्या डोळ्याऐवजी बाजूला जाऊ लागला. सुरक्षा आणि बळकटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बळकटीवाले नेमक्या त्याच दोन गोष्टी एकत्र कालवतात.

जुन्या ली-एनफिल्डला 7.62 चं काडतूस देण्याचं काम ब्रिटिशांनीही केलं, आणि नीट केलं. 1970 मध्ये त्यांनी एल42ए1 ही स्नायपर रायफल सैन्याला दिली. ती जुन्या नंबर 4 (टी) रायफलींवरच बांधली होती. पण नंबर 4 ची अ‍ॅक्शन जुन्या एसएमएलईपेक्षा भक्कम, रायफली निवडून घेतलेल्या, जड नळी नवी, आणि प्रत्येकीची प्रूफ चाचणी नव्याने. हे सगळं सरकारी शस्त्रागाराच्या छताखाली, लेखी नोंदीसह. गल्लीतल्या वर्कशॉपशी त्याची तुलना करणं म्हणजे रेल्वेच्या कारखान्यात तपासलेलं चाक आणि सायकलच्या दुकानात ठोकून सरळ केलेली रिम एकाच तराजूत घालणं.

बळकटी हीच सगळी गोष्ट असती तर कॅनडाची रॉस रायफल पहिल्या महायुद्धाची नायिका ठरली असती. तिची अ‍ॅक्शन त्या काळातल्या सगळ्यात मजबूत अ‍ॅक्शनपैकी एक. पण 1915 च्या यप्रच्या लढाईत चिखलात आणि जलद गोळीबारात तिचा बोल्ट अडकू लागला. बोल्ट अडवणारा दांडा मागच्या लगावर आपटून त्याला वाकवत होता. बोल्ट चुकीचा जोडला गेला तर तो कुलूप न लागताच गोळी झाडत होता आणि मागे उडत होता. कॅनडाच्या सैनिकांनी त्या रायफली टाकून ब्रिटिश ली-एनफिल्ड उचलल्या. नंतर दांडा मोठा केला, चुकीची जोडणी होऊ नये म्हणून बोल्टला खिळा मारला. बदल खरे होते आणि उपयोगीही, पण तोवर सैनिकांचा विश्वास गेला होता.

भारतात हा प्रश्न फक्त धातूचा नाही, कायद्याचाही आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमात शस्त्र बनवणं, रूपांतरित करणं, दुरुस्त करणं, तपासणं आणि प्रूफ करणं या सगळ्यांना परवाना लागतो. विनापरवाना रूपांतर हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही निर्मळ असो. नागरिकांसाठी ईशापूरनेच ली धाटणीच्या अ‍ॅक्शनवर .315 ची रायफल काढली. तिचं काडतूस 1890 च्या सुमाराचं, त्या अ‍ॅक्शनच्याच काळातलं. तिच्या परवानाधारकाने मिस्त्रीच्या शब्दावर तिला आजच्या दाबाचं काडतूस खिलवू नये. जुन्या रायफलीसाठी एकच काडतूस बरोबर असतं: ज्या काडतुसासाठी ती कारखान्यात तपासली गेली.

स्प्रिंगफील्डचं पुढे काय झालं हे बळकटीवाल्यांनी एकदा शांतपणे वाचावं. दुरुस्तीसाठी शस्त्रागारात परत आलेल्या लो नंबर रायफलींचे रिसीव्हर भट्टीत घातले गेले नाहीत. ते भंगारात टाकले गेले आणि त्यांच्या जागी नवे लावले गेले. अमेरिकेत नेमबाजीला प्रोत्साहन देणारी सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम ही संस्था आजही सांगते की स्प्रिंगफील्डच्या 8,00,000 आणि रॉक आयलंडच्या 2,85,507 च्या खालच्या क्रमांकाची रायफल झाडू नये.